जुनं गॉस्पेल ब्लूज नव्याने वाजवायचं तर शेवटचा शब्द गिटारला सोडा

प्रश्न थोडक्यात असा होता: "आमचा चार जणांचा बँड आहे, लेड झेपलिन ह्या रॉक बँडचं 'नोबडीज फॉल्ट बट माइन' वाजवतो. मग कोणीतरी मूळ ब्लाइंड विली जॉन्सनचं ऐकवलं आणि डोकंच फिरलं. आता स्वतःचं व्हर्जन करायचंय. मूळ धरून चालायचं की मोडून टाकायचं? आणि आमच्यात कोणीच ख्रिश्चन नाही, मग ही गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तीची, गाणी आम्ही गाणं बरोबर आहे का?"

तू २४ वर्षांचा आहेस असं लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी पंचविसेक वर्षं स्लाइड गिटार (बोटात नळी घालून ती तारांवरून सरकवत वाजवतात ती) वाजवतोय, शिकवतोय, आणि ह्या एका प्रश्नावर माझी स्वतःची मतं चारदा बदललीयत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी उत्तर देऊन टाकतो. मोड. बिनधास्त मोड. लय बदल, सूर बदल, गिटार काढून पियानो घाल, काहीही कर. फक्त त्या गाण्यात एक रिकामी जागा असते ती बुजवू नकोस. ती कुठली हे कळायला मात्र जॉन्सनकडे परत जावं लागेल.

३ डिसेंबर १९२७ ला डॅलसमधे कोलंबिया कंपनीच्या लोकांनी ह्या माणसाची एका दिवसात सहा गाणी रेकॉर्ड केली. त्या काळी कंपन्या मशीन घेऊन दक्षिणेतल्या गावोगावी फिरायच्या, एखादी खोली बघायच्या आणि जो गाईल त्याला मेणाच्या तबकडीवर उतरवून घ्यायच्या. जॉन्सन टेक्ससचा, आंधळा, रस्त्यावर उभं राहून देवाची गाणी म्हणणारा. त्या सहा गाण्यांत तुझं 'नोबडीज फॉल्ट' आहे, 'डार्क वॉज द नाइट' आहे, 'जीझस मेक अप माय डाइंग बेड' आहे, आणि एक 'मदर्स चिल्ड्रन हॅव अ हार्ड टाइम' आहे. हे शेवटचं नाव मुळात 'मदरलेस', म्हणजे आई नसलेली पोरं, पण कंपनीतल्या कोणाच्या तरी कानाने घोळ घातला आणि रेकॉर्डवर 'आईची पोरं' असं छापून आलं, ते आजपर्यंत तसंच चाललंय. १९३० पर्यंत त्याने एकूण तीसेक गाणी दिली, मग परत कधी कोणी त्याला स्टुडिओत बोलावलं नाही. १९४५ मधे टेक्ससमधल्याच बोमाँटला वारला. घर जळालं होतं आणि त्याच जळक्या घरात ओल्या अंथरुणावर तो झोपत राहिला, असं त्याच्या बायकोने नंतर सांगितलं.

आता ती जागा. 'जीझस मेक अप माय डाइंग बेड' लाव आणि ध्रुवपद नीट ऐक. गाण्याच्या नावातच 'डाइंग बेड' आहे, मरणाचं अंथरूण, पण तो ओळ म्हणत म्हणत येतो आणि नेमकं तिथे पोचल्यावर तोंड मिटून घेतो. पुढचं गिटार म्हणते. तारेवरून स्लाइड सरकते आणि ते दोन शब्द तुला ऐकू येतात, शब्द नसताना! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं रेकॉर्ड घासलीये. दहाव्यांदा ऐकल्यावर कळलं की हा माणूस जे बोलायचं नाही ते गिटारकडून बोलून घेतोय.

हे येतं चर्चमधून. काळ्या लोकांच्या जुन्या चर्चमधे पुस्तकं पुरेशी नसायची, असली तरी कित्येकांना वाचता यायचं नाही, तर एक जण ओळ सांगायचा आणि सगळी सभा ती ओळ लांब खेचून, वळणं घेत, प्रत्येक जण थोडा वेगळा, अशी म्हणायची. म्हणजे गाणं दोन बाजूंनी बनतं, हाक आणि ओ. आता रस्त्यावर उभा असलेला एकटा माणूस, त्याच्याकडे सभा कुठून येणार? टाळकरी नसलेला कीर्तनकारच तो. तर त्याने गिटारची सभा केली. ती त्याच्याबरोबर म्हणते, मागून म्हणते, थांबला तर पूर्ण करते. काही रेकॉर्डवर विली बी. हॅरिस ही बाई मागे गाते, तिथे हीच ओ तिच्या गळ्यातून येते आणि गिटार जरा मागे सरकते, हे पण ऐकून बघ.

आपल्याकडे गाण्यातल्या 'जागा' म्हणतात ना, काय जागा घेतली बुवांनी वगैरे, इथे उलटं आहे, इथे जागा सोडतात. मी आत्तापर्यंत ऐकलेली जवळपास सगळी नवी व्हर्जनं ह्या एका चाळणीतून घालतो. ज्यांनी ती जागा कोणाला तरी दिली, कोणालाही, ती टिकली. ज्यांनी भरून टाकली ती कितीही सफाईने वाजवलेली असोत, दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत.

झेपलिनपासूनच सुरू करू. १९७६, 'प्रेझेन्स' अल्बम. सगळे नावं ठेवतात की बायबलचं गाणं उचललं, त्यात सैतान घातला, पाठीवर बसलेलं व्यसनाचं माकड घातलं, आणि वर गीतकार म्हणून पेज-प्लांट (त्यांचा गिटारवाला आणि गायक) अशी स्वतःची नावं लावली. शेवटच्या मुद्द्यावर मी पूर्ण त्या लोकांच्या बाजूने आहे, तो चावटपणाच. पण संगीत ऐक. सुरवातीला गिटार आणि प्लांटचा आवाज एकच ओळ एकत्र म्हणतात, शब्द नाहीत, नुसतं आ-आ, दोघं एकमेकांना चिकटून. हे थेट जॉन्सन आहे! आणि मग सगळा बँड एकदम थांबतो, एक अख्खी शांतता, बॉनमसारखा ड्रमर हात वर धरून गप्प बसतो आणि मग धाडकन येतो. म्हणजे त्यांनी देव काढला, बायबल काढलं, पण जागा ठेवली. त्यामुळे ते व्हर्जन उभं राहतं. तुम्ही वाजवता तेव्हा तुमचा ड्रमर त्या शांततेत हायहॅट (ती झांजांची जोडी) चालू ठेवतो का? मी पैज लावतो ठेवतो. सगळे ठेवतात. भीती वाटते.

आता ह्याच गाण्यातलं मूळ काय आहे ते बघ, कारण हे झेपलिनमधे पूर्ण गेलंय. जॉन्सन म्हणतो, घरात बायबल आहे, मी वाचलं नाही आणि माझा आत्मा वाया गेला तर दोष कोणाचा नाही, माझाच. घरच्यांनी मला वाचायला शिकवलं होतं, मी वाचलं नाही तर दोष माझाच. हे कोण म्हणतंय? आंधळा माणूस. ज्याला ते पुस्तक वाचताच येणार नाही तो स्वतःवर न वाचल्याचा ठपका ठेवतोय. हे लक्षात आल्यापासून मला ते गाणं मोठ्या आवाजात, उड्या मारत गाताच येत नाही. हे माझं झालं, तुला येत असेल तर गा.

नीना सिमोनने हेच गाणं १९६९ च्या 'नीना सिमोन अँड पियानो' मधे केलंय, नावाप्रमाणे ती आणि पियानो, बस. बाई लहानपणी चर्चमधे पियानो वाजवत वाढलेली, आई धर्मोपदेशक, त्यामुळे तिला काही शोधावं लागत नाही, ओ कुठून द्यायची हे हातातच आहे. गळा एक म्हणतो, डावा हात त्याला हं म्हणतो, उजवा हात मधेच वाद घालतो. स्लाइड नाही, टेक्ससचा रस्ता नाही, खरखरीत आवाज नाही, म्हणजे जॉन्सनचं वरवरचं एक लक्षण शिल्लक नाही, आणि तरी मला ते त्याच्या सगळ्यात जवळचं वाटतं. मला कोणी विचारलं की एकच व्हर्जन ऐकायचं तर कुठलं, मी हे सांगतो.

एरिक क्लॅप्टनचं 'मदरलेस चिल्ड्रन' (१९७४), तेच 'मदर्स चिल्ड्रन', ऐकलंयस का? आई मेलेल्या पोरांचे हाल, आणि वाजतंय जसं काही वरातीत! दोन-दोन स्लाइड गिटारी, पळती लय, कुठे श्वास घ्यायला जागा नाही. तंत्र म्हणून झकास आहे, आमच्या क्लासमधल्या पोरांना तो रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) शिकवायला मला आवडतं. पण ओ द्यायला तिथे कोणीच नाही, सगळे एकदमच हाका मारतायत. गंमत म्हणजे क्लॅप्टनला हे गाणं गायचा हक्क कोणापेक्षाही जास्त आहे, तो आजी-आजोबांकडे वाढला, आणि आपली आई ही बहीण आहे असं त्याला लहानपणी वाटायचं. कदाचित म्हणूनच इतक्या जोरात पळवलं असेल, काही गोष्टी पळतच सांगता येतात. हा माझा तर्क, सोडून दे.

'डाइंग बेड'ची पुढची पिढी म्हणजे 'इन माय टाइम ऑफ डाइंग'. बॉब डिलनने १९६२ च्या पहिल्या अल्बममधे केलं, वीस वर्षांचा पोरगा मरणाचं गाणं म्हणतोय, आणि स्लाइड म्हणून मैत्रिणीच्या लिपस्टिकचं धातूचं टोपण वापरलं असं त्या अल्बमच्या कव्हरवरच लिहिलंय. झेपलिनने १९७५ मधे तेच अकरा मिनिटांचं केलं. अकरा मिनिटं म्हणजे मरायलाही एवढा वेळ लागत नाही, पण सुरवातीची तीन-चार मिनिटं, जिथे स्लाइड आणि आवाज एकमेकांची वाट बघतात, ती तुमच्या बँडने बसून ऐकावीत अशी आहेत. नंतर जो गोंधळ सुरू होतो तो मजेसाठी.

रोलिंग स्टोन्सचं 'यू गॉटा मूव्ह' (१९७१) वरून मी पोरांशी नेहमी भांडतो. मूळ मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेलकडून घेतलेलं. मॅकडॉवेल जो सूर गातो तोच सूर स्लाइडवर असतो, दोघांत केसाएवढं अंतर, आणि ओळीच्या शेवटी आवाज गळून पडतो नि गिटार एकटी चालत राहते. स्टोन्सने हे अगदी शिस्तीत उचललंय, ड्रम म्हणजे जेमतेम एक ठोका, बाकी काही नाही. जागा शाबूत. पण त्यांच्या गायकाने, जॅगरने, मॅकडॉवेलचे उच्चार पण उचललेत, आणि तिथे मला खटकतं, एखाद्याच्या घरी जेवायला जावं आणि त्याच्यासारखंच बोलायला लागावं तसं. सूर घे, लय घे, बोलणं तुझं ठेव. हाच सल्ला तुमच्या गायकाला: जॉन्सनचा तो घशातून काढलेला खरखरीत आवाज काढायला जाऊ नकोस. एक तर घसा बसेल, दुसरं म्हणजे तो जॉन्सनचाही नेहमीचा आवाज नव्हता. 'लेट युअर लाइट शाइन ऑन मी' ऐक, सुरवातीला तो साध्या, गोड, मोकळ्या आवाजात गातो आणि मग हळूहळू तो खरखरीत आवाज चढवतो. म्हणजे ते त्याचं एक वाद्य होतं, पाहिजे तेव्हा काढायचं. तुमच्या गायकाकडे स्वतःचं असं काय आहे ते शोधा.

पैशाचं आणि नावाचं पण सांगतो, कारण तुम्ही अपलोड करणार आहात. जॉन्सनचं 'इफ आय हॅड माय वे' पुढे रेव्हरंड गॅरी डेव्हिसने 'सॅमसन अँड डिलायला' म्हणून गायलं, तोही आंधळा, तोही रस्त्यावर गाणारा, न्यूयॉर्कमधला. १९६२ मधे पीटर, पॉल अँड मेरीने ते रेकॉर्ड केलं, रेकॉर्ड तुफान खपली, आणि डेव्हिसला नावासकट पैसे मिळाले, एवढे की आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या माणसाने क्वीन्समधे घर घेतलं. पण जॉन्सनच्या वाट्याला ह्यातलं काही आलं नाही, तो तोपर्यंत सतरा वर्षांपूर्वी गेला होता. नंतर ग्रेटफुल डेडने १९७७ मधे तेच केलं, नाचायला मस्त आहे, बाकी सोड. तर तुम्ही वर्णनात 'पारंपरिक' लिहा, आणि शेजारी कोणाच्या रेकॉर्डिंगवरून शिकलात ते नाव लिहा. एवढं केलं तरी पुष्कळ.

गिटारच नको असं वाटलं तर सन हाऊस ऐक. १९६५ चं 'जॉन द रिव्हिलेटर', म्हातारा माणूस, नुसत्या टाळ्या आणि आवाज, टाळ्याही मधेच इकडेतिकडे सरकतात आणि तो सरकू देतो. तोच विचार जॉनी कॅशच्या 'गॉड्स गॉना कट यू डाउन' मधे आहे, त्याच्या मरणानंतर २००६ मधे आलेलं. पाय आपटणं, टाळ्या, थोडी गिटार. कॅशचा आवाज तेव्हा पार थकलेला, आणि त्या थकलेल्या आवाजात 'देव तुला कापून काढेल' हे ऐकायला जी भीती वाटते ना, ती गिटारचा आवाज फाडणाऱ्या कुठल्याही डिस्टॉर्शन पेडलने येत नाही. हेच गाणं मोबीने १९९९ च्या 'प्ले' मधे 'रन ऑन' म्हणून जुन्या रेकॉर्डचे तुकडे जोडून केलंय. त्याच अल्बममधल्या 'नॅचरल ब्लूज'मधे व्हेरा हॉल ह्या बाईचा आवाज आहे, अलाबामाच्या, लोकगीतं गोळा करणाऱ्या लोमॅक्सच्या संग्रहातला. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू, पण तिची एक ओळ कापून परत परत फिरवली की तिने हाक मारायची आणि मशीनने तिचीच हाक तिला ऐकवायची, एवढंच उरतं. बाईला पुढे काय म्हणायचं होतं ते कोणी विचारलंच नाही.

'ब्लाइंड बॉईज ऑफ अलाबामा'चा एक प्रयोग मात्र तुमच्या कामाचा आहे. २००१ च्या 'स्पिरिट ऑफ द सेंच्युरी' मधे त्यांनी 'अमेझिंग ग्रेस'चे शब्द 'हाऊस ऑफ द रायझिंग सन'च्या चालीत बसवलेत. म्हणजे भजनाचे शब्द आणि चाल कोठ्याच्या गाण्याची! हे बसतं कसं? कारण दोन्हीचं मीटर एकच, आठ-सहा-आठ-सहा अक्षरं. इंग्लिश स्तोत्रांपैकी ढिगाने गाणी ह्या मापात आहेत, म्हणून शब्द आणि चाली अदलाबदल करता येतात. आपली भजनी मंडळं सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतात तेच हे. पण इथे चाल बदलल्यावर अर्थच बदलतो, तारलेल्या पाप्याचं गाणं एकदम अजून न तारलेल्या माणसाचं वाटायला लागतं. मोडायचं तर असं मोडावं. २०१६ मधे जॉन्सनच्या गाण्यांचा एक ट्रिब्यूट अल्बम आला, 'गॉड डोन्ट नेव्हर चेंज', त्यातही हे लोक आहेत, टॉम वेट्स आहे, लुसिंडा विल्यम्स आहे, डेरेक ट्रक्स आणि सुझन टेडेस्की आहेत. आख्खा ऐक. सगळाच थोर आहे असं नाही, दोन-तीन ठिकाणी भक्तिभावाने मूळ गाण्याची नक्कल केलीये आणि तिथे झोप येते.

आता ख्रिश्चन नसण्याचं. ह्यावर उपदेश करण्यापेक्षा माझ्यावर काय गुदरलं ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका हॉटेलात शनिवारी वाजवायचो, झेपलिन स्टाइलचं 'नोबडीज फॉल्ट' आमचा हुकमी एक्का, लोक ग्लास वर करून ओरडायचे. एकदा कोणाच्या तरी वाढदिवसाला आलेल्या एक मावशी, नगरकडच्या, सत्तरीच्या, ब्रेकमधे माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, बाळा वाजवतोस छान, पण तू काय म्हणतोयस माहितीये का तुला? मी म्हटलं हो, चूक माझीच आहे, असं. त्या म्हणाल्या, कसली चूक? आणि मला सांगता येईना! मला फक्त रिफ माहीत होता. मग त्या तिथेच खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात टिळकांचं एक मराठी भजन म्हणाल्या, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं, त्या लहानपणापासून चर्चमधे पेटी-तबल्यावर म्हणत आलेल्या. ओळीच्या शेवटी थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला कळेना काय करायचं. म्हणाल्या, अरे मागून म्हण की, एकटीने म्हणायचं नसतं हे.

त्यानंतर मी ते गाणं वर्षभर वाजवलं नाही. त्यांनी 'गाऊ नकोस' असं अजिबात म्हटलं नव्हतं, उलट मागून म्हण असंच सांगितलं होतं. तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. श्रद्धा असलीच पाहिजे असं नाही, झेपलिनची नव्हती, पण गाण्यात कोणाला काय सांगितलंय ते गाणाऱ्याला माहीत पाहिजे. एकदा ते माहीत झालं की बदलायचं तर बदल, सैतान घालायचा तर घाल, निदान जाणूनबुजून घालशील.

'डार्क वॉज द नाइट'बद्दल बोलल्याशिवाय मी थांबणार नाही. त्याला शब्दच नाहीत. मुळात १८ व्या शतकातलं इंग्लिश स्तोत्र, गेथशेमाने बागेतल्या त्या रात्रीवरचं, काळी रात्र आणि गार जमीन. जॉन्सनने ते सगळे शब्द टाकून दिले आणि नुसता कण्हत, गुणगुणत राहिला, गिटार त्याच्या मागे, कधी पुढे. म्हणजे इथे हाक पण नाही आणि ओ पण नाही, दोघंही उत्तरच देतायत, प्रश्न कोणी विचारला ते ऐकू येत नाही. राय कूडर ह्या अमेरिकन स्लाइडवाल्याने १९७० च्या पहिल्या अल्बममधे ते केलं आणि मग १९८४ मधे 'पॅरिस, टेक्सस' सिनेमाचं आख्खं संगीत त्यावर उभं केलं, वाळवंट, एक माणूस चालतोय आणि एक स्लाइड. मला विचारशील तर हे ह्या गाण्याचं सगळ्यात यशस्वी नवं रूप, कारण त्याने जागा इतकी वाढवली की गाणं कमी आणि जागाच जास्त झाली. तोच कूडर पुढे आपल्या मोहनवीणावाल्या विश्वमोहन भट्टांबरोबर बसला, 'अ मीटिंग बाय द रिव्हर', १९९३, रेकॉर्डिंग कॅलिफोर्नियातल्या एका चॅपलमधे, आणि तिथे तो मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं) घेतो आणि भट्ट मींड घेतात तेव्हा कोण कुठला आहे ते विसरायला होतं.

आणि ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १९७७ मधे व्हॉयेजर यानांवर अंतराळात जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात भारतातलं एकच गाणं आहे, गोव्यातल्या केरीच्या आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. आणि ती संपली की लगेच पुढचं गाणं कुठलं? 'डार्क वॉज द नाइट'. शेजारी शेजारी! नंतर बेथोव्हन. आज घरी एवढंच कर, ही दोन गाणी त्याच क्रमाने लाव, मधे काही बोलू नकोस. केसरबाईंचा सूर सुटतो आणि जॉन्सनची तार सुरू होते, त्या सांध्यावर कान ठेव. हे मी क्लासला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी ऐकवतो, फी घ्यायच्या आधी.

बरं, हाताचं काम. ओपन डी लाव: जाड तारेकडून डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी. म्हणजे सहावी, दुसरी आणि पहिली एकेक सूर खाली, तिसरी अर्धा सूर खाली, बाकी दोन आहेत तशाच. स्लाइड करंगळीत घाल, बाकीची बोटं स्लाइडच्या मागे तारांवर हलकी टेकवून ठेव नाहीतर मागून किरकिर येईल. महागडी स्लाइड घेऊ नकोस, मी पहिली आठ वर्षं प्लंबरकडून कापून घेतलेल्या स्टीलच्या पाइपच्या तुकड्यावर काढलीयत. स्लाइड फ्रेटच्या पट्टीच्या बरोब्बर वर पाहिजे, मधल्या जागेत नाही, बोटाने वाजवायची सवय असते म्हणून सगळे खाली राहतात आणि बेसूर वाजतं.

मग गंधार. पहिल्या तारेवर तिसरी पट्टी म्हणजे कोमल गंधार, चौथी म्हणजे शुद्ध. जॉन्सन ह्या दोघांच्या मधे कुठेतरी असतो आणि एका जागी राहत नाही, खालून वर चढताना एक, उतरताना दुसरा. हे गिटारवाल्या पोरांना पटत नाही, ज्यांनी थोडं गाणं शिकलंय त्यांना लगेच कळतं. कानाने शोध, ट्यूनर बंद कर. उजव्या अंगठ्याने जाड तारेवर एकच ठोका धरून ठेव, कंटाळा येईल इतका एकसारखा, तो तुझा पाय आपटणं आहे, ड्रमर नसतानाचा ड्रमर.

सराव असा कर: आठवडाभर गिटार हातात घ्यायची नाही. टाळ्या वाजवत गाणं म्हण. दुसऱ्या आठवड्यात गिटार घे आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द म्हणायचा नाही, तो तारेवर काढायचा. समोर घरातलं कोणीतरी बसव आणि विचार, कुठला शब्द होता? आई ओळखेल, बँडवाले ओळखणार नाहीत. ओळखता येईपर्यंत तेच कर. मग बँड आण. बास गिटार आली की तुझा अंगठा सोडून दे, दोघांनी तेच वाजवायचं कारण नाही. आणि ती सोडलेली जागा दरवेळी गिटारलाच द्यायला पाहिजे असं नाही, एका कडव्याला कीबोर्ड, एका कडव्याला तिघांचे आवाज, पण एका वेळी एकानेच.

ड्रमरला आत्ताच सांगून ठेव की पहिल्या दोन कडव्यांत त्याच्या हातात काठ्या नसणार, फक्त टाळ्या. नाराज होईल. आमचा झाला होता, दोन आठवडे फोन उचलत नव्हता. मग त्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला तो पहिल्यांदा किक (पायाने मोठ्या ड्रमवर ठोका) मारायचा तेव्हा हॉटेलातले वेटर पण वळून बघायला लागले, तेव्हापासून बाकीच्या गाण्यांतही कधी थांबायचं ते तोच सांगतो. आणि तारांचा ०.०१३ इंचवाला सेट (म्हणजे सगळ्यात बारीक तार तेवढी जाड) घे, खाली उतरवल्यावर बारीक तारा लोंबतात आणि स्लाइड खाली पट्ट्यांवर खडखडते.